कुपाटीतून गाळलेला वारा

सोनाळ्यात वावधन अंगावर येण्याआधी कानावर येतं. आमच्या लहानपणी ते बोरीच्या कुपाटीतून यायचं. आधी बारीक शीळ, मग कुणी सुपात तूर पाखडावी तशी सळसळ, आणि मग गोठ्याच्या छपरावरचं गवत उभं राहायचं. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, बाजेवरून न उठताच सांगायचे, "पश्चिमेकडून हाय. पोराहो, वाळवण आत घ्या." आज तेच वावधन येतं तेव्हा तारा घुमतात, हिरव्या जाळीचा सुटलेला कोपरा फडफडतो आणि शेजारच्या वावराभोवती बांधलेल्या साड्या एकदम फुगून येतात. वारा तोच आहे. त्याला सगळ्यात आधी जे आडवं येतं ते बदललं, म्हणून त्याचा आवाज बदलला.

गाव आमचं बुलडाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायाशी. उत्तरेला अंबाबारव्याचं जंगल, आणि दक्षिणेला पूर्णेपर्यंत उतरत जाणारी सपाट काळी जमीन. नदीकडे खारपाणपट्टा लागतो, डोंगराकडची पट्टी मात्र गोड्या पाण्याची. म्हणून आमच्याकडे संत्रा झाला, केळी झाली. पण याच पट्टीत वाऱ्याला मोकळं रान आहे. चैत्र-वैशाखात दिवसभर पश्चिमेकडून झळ चालते, ती पानाच्या कडा करपवते आणि आंबिया बहराची गोटीएवढी फळं देठातून सोडवते. रात्री डोंगराच्या दऱ्यांमधून गार वारा उतरतो. आणि रोहिण्या-मिरगाच्या तोंडाशी एखाद्या संध्याकाळी, अर्ध्या तासात, असं काही येतं की वर्षभराची केळी आडवी होते.

आमच्या वावराची पश्चिम बाजू पूर्ण उघडी. त्या बाजूला धुऱ्यावर कुपाटी घालायचं काम दरसाल फाल्गुनात सुरू व्हायचं आणि आखाजीच्या आत संपायचं. बोरं संपली की बोरीची छाटणी, ती झाली की बाभळी, हिवराच्या आणि हिंगणबेटाच्या फांद्या. गाडीभर काट्या आल्या की आबाजी बेळकं हातात घ्यायचे. बेळकं म्हणजे टोकाला दुबेळं असलेली पाच-सहा हात लांब काठी. काटीला हात न लावता ती या बेळक्यानं उचलायची, धुऱ्यावर टेकवायची आणि वरून दाबायची.

काटी कशीही टाकली तर चालत नसे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मोठ्या उत्साहानं मी एक फांदी ओढत आणून जशी हाती आली तशी धुऱ्यावर ठेवली. आबाजींनी ती बेळक्यानं उचलली, फिरवली आणि पुन्हा ठेवली. शेंडा पूर्वेकडे, बुंधा पश्चिमेकडे, किंचित तिरका. दुसरी काटी आली ती पहिलीच्या बुंध्यावर शेंडा टाकून. तिसरी दुसरीवर. कौलं एकमेकांवर बसतात तशी ती ओळ बसत गेली. मी विचारलं, काहून? ते म्हणाले, "वाऱ्याले पाठ द्या लागते. शेंडा त्याच्याकडं केला तं तो हात घालून उपटते. पाठ केली तं तोच दाबून बसवते." मग त्यांनी जाड तळव्याच्या चपलेचा पाय त्या थरावर ठेवून भार दिला. काट्या करकरल्या आणि एकमेकींत अडकल्या. दर चार हातांवर बाभळीच्या मेखा दोन्ही बाजूंनी तिरप्या ठोकल्या, वर अंबाडीच्या वाखाची गाठ मारली.

ते सगळं काम मी पुढे कितीतरी वेळा पाहिलं, थोडं केलंही. त्या वाऱ्याच्या बाजूला आबाजींनी कुपाटी कधी गच्च केली नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा, म्हातारपण जवळ आल्यावर. पूर्वेच्या बाजूला, जिथून गुरं यायची, तिथे ती दाट असायची, ससा शिरणार नाही इतकी. पश्चिमेला मात्र उभं राहून पाहिलं की पलीकडचं आभाळ काट्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं. मला वाटायचं, काट्या कमी पडल्या असतील.

कुपाटी नुसती काट्यांची नसे. पावसाळा लागला की तिच्यावर हिरवळ चढायची. फांजीचा वेल यायचा, त्याच्या कोवळ्या पानांची भाजी माय करायची. कटुर्ले लागायचे, ते शोधायला आम्ही पोरं हात काट्यांत घालायचो आणि ओरखडे घेऊन घरी यायचो. वाल, दोडका, कारलं माय मुद्दाम कुपाटीच्या बुडाशी टोचायची, कारण मांडव घालायचं काम वाचायचं. खालच्या थरात तितरं, मुंगूस, कधी एखादा साप. चार हात रुंद अशी ती एक वस्तीच होती. वाऱ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर हे वेल म्हणजे दर पावसाळ्यात आपोआप बसणारी जाळी. जून-जुलैत वारा जोराचा, तेव्हाच कुपाटी थोडी भरायची. दिवाळीनंतर वेल वाळले की पुन्हा विरळ व्हायची.

त्रासही होता, तो सांगायलाच हवा. काटा पायात मोडला की माय त्यावर रुईचा चीक लावायची आणि दुसऱ्या दिवशी सुईनं काढायची; पण हिंगणबेटाचा काटा खोल गेला तर आठवडा लंगडत काढावा लागे. वाळवी दोन वर्षांत बुडखे खाऊन टाकायची. उन्हाळ्यात कुणाच्या विडीची ठिणगी पडली की पन्नास हात कुपाटी पाहता पाहता राख व्हायची. शिवाय ती दरसाल थोडी सरकायची. कधी आमची शेजाऱ्याकडे, कधी त्याची आमच्याकडे, एखादी वीत. त्या वितीवरून दोन घरांत बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. आणि बोरी, बाभळी किती तोडल्या जायच्या! आमच्या एका वावराला दरसाल पाच-सहा गाड्या काट्या लागत. सगळ्या गावाचा हिशेब केला तर डोंगराचा पायथा उघडा पडायला आम्हीही हातभार लावलाच.

ही वाळक्या काट्यांची अडचण आमच्याच गावाची नव्हती. सातपुड्याच्या पलीकडे, आमच्यापासून फार दूर नाही अशा बऱ्हाणपुराजवळून एकेकाळी इंग्रजांचं काटेरी कुंपण गेलं होतं. मिठावरचा कर चुकवून कुणी मीठ नेऊ नये म्हणून त्यांनी सिंधू नदीपासून महानदीपर्यंत, तेवीसशे मैलांहून लांब अशी जकातीची सीमा आखली होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला ठेवली होती. तिच्या मोठ्या भागावर कुंपण होतं. आधी ते वाळक्या काट्यांचं असे. एका मैलाला सुमारे २५० टन काट्या लागत. वादळ, वणवा, वाळवी त्यांचा फडशा पाडी आणि दरसाल पुन्हा गाड्या ओढाव्या लागत. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांनी पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला, ते १८६७ पासून तीन वर्षं या जकात खात्याचे प्रमुख होते. त्यांनी वाळक्या कुंपणाच्या जागी जिवंत कुंपण वाढवायचा ध्यास घेतला. बोर, बाभूळ, करवंद, निवडुंग, शेर. ज्या भागात जे रुजेल ते. चांगलं माजलेलं कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट रुंद होतं. १८७९ मध्ये ती जकातीची सीमाच रद्द झाली आणि कुंपण मातीत गेलं. रॉय मॉक्सहॅम या लेखकानं त्याचे अवशेष शोधत फिरून २००१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे लोकांना त्याची आठवण झाली.

हेतू माणसाला मिठापासून तोडण्याचा, त्यामुळे त्या कुंपणाबद्दल मनात जिव्हाळा वाटत नाही. पण एवढा मोठा सरकारी कारभारसुद्धा शेवटी बोरीच्या मुळाशी येऊन थांबला, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाळकी काटी वाऱ्याशी झगडते आणि हरते. मूळ धरलेली काटी वाकते आणि परत उभी राहते.

आमच्या गावातही दोन्ही रीती होत्या. वावराला वाळकी कुपाटी, तर घरामागच्या वाडीला जिवंत. वाडीच्या उत्तरेला शेराची ओळ होती. मोडली की पांढरा चीक ठिबकायचा, म्हणून गुरं तोंड लावत नसत. पाटाच्या ओलीला बेशरम. कुणाच्या बांधावर मोगली एरंड, कुणाकडे केकताड. फड्या निवडुंग मात्र आमच्या आठवणीत फारसा नाही. आबाजी सांगत, त्यांच्या लहानपणी तो जिकडे तिकडे माजला होता आणि मग पाच-सात वर्षांत गेला. त्यामागची हकिगत मला पुढे वाचनात सापडली. १९२६ च्या सुमारास सिलोनातून आणलेली एक पांढरी कीड त्याच्यावर सोडली गेली आणि तिनं बराचसा निवडुंग संपवला. ज्यांची कुंपणं त्याचीच होती त्यांना ती नव्यानं घालावी लागली असणार.

तार आमच्या शिवारात आली ती १९८० च्या आसपास. काटेरी तारेचं पेटंट अमेरिकेत जोसेफ ग्लिडन यांनी १८७४ मध्ये घेतलं. जिथे झाड नाही, लाकूड नाही, दगड नाही अशा गवताळ मैदानात गुरं अडवायला ती तार निघाली होती, आणि आमच्याकडे पोचायला तिला शंभर वर्षं लागली. आम्हाला ती फार चांगली वाटली. आबाजींनाही. चार पदर तार, दहा-दहा फुटांवर खांब, आणि एका आठवड्यात वावर बंद. काट्या नकोत, बेळकं नको, वाळवी नको. धुरा चार हात रुंद होता तो वीतभर झाला आणि पश्चिमेकडून संत्र्याची एक ओळ जास्तीची बसली. घरात सगळ्यांना त्याचाच आनंद होता.

त्या जास्तीच्या ओळीला कधी धड फळ लागलं नाही. ती झाडं पूर्वेकडे कलली ती कललीच. पश्चिमेच्या अंगाची फूट खुरटी, पानं चुरगळलेली, फळांवर फांदी घासून पडलेले खरखरीत डाग. व्यापारी ते डाग बघून भाव पाडायचा. आम्ही खत बदललं, पाणी बदललं, फवारणी केली. तारेतून वारा जसाच्या तसा आत येतोय हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण तार लागण्याआधी वाऱ्याला कोण गाळत होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. कुपाटी आम्ही गुरांसाठी घालत होतो असंच सगळे धरून चाललो होतो.

ज्या अमेरिकेतून तार आली तिथेही हाच धडा मोठ्या किमतीनं शिकावा लागला. १९३० च्या दशकात तिथल्या मैदानांवरची नांगरलेली माती वाऱ्यानं उडून शहरांवर पडू लागली. तेव्हा अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारनं १९३४ पासून शेतांच्या कडेनं झाडांचे पट्टे लावायचा मोठा कार्यक्रम घेतला आणि आठ-एक वर्षांत वीस कोटींहून जास्त झाडं लावली. तारेला गुरं अडली होती, वारा मोकळाच होता.

नोकरीतून मोकळा होऊन मी गावी परतलो तेव्हा माझ्या हातात थोडे पैसे होते आणि डोक्यात वाऱ्याचा राग होता. २०१९ च्या उन्हाळ्यात मी पश्चिमेच्या बाजूला सहा फूट उंच पत्रा उभा केला. खाली दोन फूट गाडलेले सिमेंटचे पोल, दहा फुटांचं अंतर, मधे आडव्या पट्ट्या आणि त्यावर पत्रा. आत नव्यानं केळी लावली. पत्र्यामागे उभं राहिलं की वारा मुळीच लागायचा नाही. मला वाटलं, चाळीस वर्षांत जे जमलं नाही ते आपण पंधरा दिवसांत केलं. मायला मी खुर्ची टाकून तिथे बसवलं होतं. ती तेव्हा ऐंशीच्या घरात. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "गुमसाटलं बाप्पा इथं."

मिरगाआधीच वावधन आलं. पत्रा आधी थरथरला, मग मोठ्या आवाजात वाजू लागला, आणि मग मधला एक पोल पूर्वेकडे वाकला. त्याच्यासोबत दोन्हीकडचे पत्रे आले. एक पत्रा सुटून केळीवरून सरपटत गेला आणि कोयत्यानं सपकावं तशी सात-आठ झाडं कापली गेली. पण मला जे जास्त लागलं ते वेगळंच होतं. जिथे पत्रा शाबूत उभा राहिला, तिथेही केळी पडली होती. पत्र्याला लागून असलेल्या दोन ओळी सरळ उभ्या, आणि त्यामागच्या चौथ्या-पाचव्या ओळीतली झाडं आडवी, तीही सगळी एका दिशेला नाही. कुणी पूर्वेला, कुणी दक्षिणेला, एक तर चक्क पत्र्याकडे डोकं करून पडलेलं.

ते झाड पाहून मी त्या संध्याकाळी धुऱ्यावर बसून राहिलो. मग वाचलं, विचारलं, समजून घेतलं. गच्च भिंतीपुढे वारा थांबत नाही. तो तिच्यावरून उडी मारतो, आणि पलीकडे जी पोकळी होते तिच्यात गिरक्या घेत खाली कोसळतो. भिंतीला लागून शांतता मिळते, पण जरा पुढे गेलं की मोकळ्या रानापेक्षा वाईट मार. उलट अडसर विरळ असला, म्हणजे अर्ध्याच्या आसपास भरीव आणि अर्धा मोकळा, तर काही वारा त्यातून गाळून पुढे जातो आणि वरून येणाऱ्या वाऱ्याला खाली कोसळू देत नाही. असा अडसर स्वतःच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी चांगला आडोसा देतो, आणि थोडाफार उपयोग त्याच्याही पुढे होतो. सहा फुटी विरळ कुंपण साठ फुटांवरच्या झाडाला सांभाळतं. काट्यांमधून आभाळ तुकड्या-तुकड्यांनी दिसायचं ते यासाठी. आबाजींना अर्ध्याचं माप कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या आबाजींनी दाट घालून पाहिली असेल, ती उलटली असेल, आणि पुढच्या वर्षी विरळ घातली असेल.

पोल का वाकला, तेही साधंच आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी सत्तर किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर वीस-पंचवीस किलो भार टाकतो. माझ्या दहा बाय सहाच्या एका पत्र्यावर त्या वेळी सव्वा क्विंटलच्या आसपास रेटा असणार, आणि तो सगळा एका सिमेंटच्या पोलावर. त्यात आमची काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पोलाच्या भोवती पोकळी होते. पहिल्या सरीनं तीच माती लोण्यासारखी मऊ पडते. मिरगाचं वावधन नेमकं या दोहोंच्या मधे येतं. म्हणून आमच्याकडे आठ फुटी पोल दोन फूट गाडून भागत नाही, अडीच-पावणेतीन फूट खाली न्यावा लागतो. खड्डा काळ्या मातीनं न भरता मुरूम आणि दगडानं सब्बलीनं ठोकून भरावा लागतो, आणि कोपऱ्याच्या पोलाला दोन्ही दिशांनी तिरपा टेकू द्यावा लागतो. आबाजींच्या तिरप्या मेखा आठवल्या मला.

आणखी एक चूक मी केली होती. ट्रॅक्टर सरळ आत यावा म्हणून फाटक पश्चिमेला काढलं. जुनं कवाड आग्नेयेच्या कोपऱ्यात होतं, अडचणीचं, गाडी वळवून आणावी लागणारं. पश्चिमेच्या नव्या फाटकाच्या फटीतून वारा असा घुसायचा की त्याच्या समोरच्या ओळीत माती उघडी पडली. अरुंद जागेतून पाणी जोरात धावतं तसा वाराही धावतो. फाटक पुन्हा आग्नेयेला नेलं. आता ट्रॅक्टरवाला कुरकुरतो.

शिवारात फिरलं की आज कुंपणाचे नाना प्रकार दिसतात. चेनलिंकची जाळी महाग पडते पण टिकते. तिच्यातून वारा जातो म्हणून ती उभी राहते, मात्र वाऱ्याला ती गाळत नाही. तिच्यावर कुणी नव्वद टक्क्यांचं हिरवं शेडनेट ताणून बांधतं, आणि पहिल्या वादळात नेटही जातं आणि जाळीचा पोलही. पन्नास टक्क्यांचं नेट घेतलं तर ते वारा गाळतं आणि स्वतः टिकतं. तेही पोलाच्या वाऱ्याकडच्या अंगाला बांधायचं, म्हणजे वारा त्याला पोलावर दाबतो. आतल्या अंगाला बांधलं तर सगळा ताण तारेच्या गाठींवर येतो आणि त्या एकेक करून सुटतात. दुकानदार हे सांगत नाही. तो जाड नेट म्हणजे चांगलं नेट, असंच सांगतो.

साड्यांचं कुंपण मात्र आमच्या भागात घरोघरी पोचलं. जुन्या साड्यांचे गठ्ठे मिळतात, ते आणून वावराभोवती आडव्या ताणून बांधतात. वाऱ्यानं त्या हलतात, रंग चमकतात, आणि रोही, रानडुक्कर काही दिवस तरी बिचकतात. सोसाट्याच्या वाऱ्यात त्या शिडासारख्या फुगून खांब उपटतात हा त्यांचा दोष. पूर्वी लुगडं घाईत कुपाटीवर वाळत टाकलं की काट्यांनी फाटायचं, आणि माय ओरडायची. परवा शेजारच्या धुऱ्यावरची चिंध्या झालेली जरीकाठाची साडी तिनं हातात घेतली, काठ बोटांनी चाचपला आणि काहीच न बोलता पुन्हा तारेवर नीट पसरली.

रोही आणि डुकरांमुळे सगळी गणितं बदलली, हे कबूल केल्याशिवाय जुन्याचं कौतुक करणं खोटं होईल. तेव्हाही जनावरं होती. जागलीला माणसं माळ्यावर झोपायची, गोफण आणि टिनाचा डबा घेऊन. पण आज डुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचं वावर झोपवतो. त्याच्यापुढे बोरीची कुपाटी टिकणार नाही, डुक्कर नाकानं बुडखे उचलून वाट काढतं. मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प १९७४ चा, अंबाबारवा अभयारण्य १९९७ चं, आणि हे जंगल त्या प्रकल्पाचाच भाग आहे. जंगल राखलं गेलं याचा मला आनंद आहे. त्याच जंगलातून उतरणारा गार वारा आम्ही रात्री घेतो. पण त्या राखण्याचा भार धुऱ्यावरचा शेतकरी सोसतो. व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या गावांना शासनाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं, त्यामुळे बॅटरीचं झटका मशीन बरंच पोचलं. ते क्षणाक्षणाला टिक् टिक् करत राहतं. जनावराला दणका बसतो, जीव जात नाही. त्यालाही वारा छळतोच. वाकलेलं गवत किंवा एखादी फांदी तारेला टेकली की झटका जमिनीत उतरून जातो. म्हणून तारेखालचा पट्टा पावसाळाभर साफ ठेवावा लागतो. थेट खांबावरची वीज तारेत सोडणारेही निघतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात वाघापासून घरच्या माणसापर्यंत कुणाचाही जीव जातो. असं कुणी करत असेल तर त्याच्या घरी जाऊन हात जोडून सांगायची माझी तयारी आहे, आणि मी तसं केलंही आहे.

मग आता आमच्या वावराला काय आहे? बाहेरून झटक्याच्या तारा, कारण डुकराला दुसरं काही कळत नाही. त्यांच्या आत सहा हात सोडून शेवरीची दाट ओळ. ती वर्षभरात डोक्याच्या वर जाते आणि वाकून वारा सोसते. शेवरी फार वर्षं टिकत नाही, तोवर मागचं तयार व्हावं म्हणून तिच्या आत निरगुडी आणि करवंद, मधे मधे बांबूची बेटं. सुबाभूळ लावा असं पुष्कळांनी सुचवलं, पण तिचं बी सगळीकडे पडून रान माजतं. झाडांची मुळं संत्र्याचं पाणी पिऊ नयेत म्हणून मधे तीन फूट खोल चर मारला, तो दोन वर्षांनी पुन्हा उकरावा लागतो. या सगळ्यात संत्र्याची ती जास्तीची ओळ गेली. ती काढताना मुलगा गप्प होता. एका ओळीचं उत्पन्न त्यानं मनात मोजलं असणार. गेल्या आंबिया बहरात दुसऱ्या ओळीच्या फळांवरचे डाग कमी झाले, तेव्हा त्यानंच व्यापाऱ्याला झाडापर्यंत नेऊन फळं दाखवली.

ओळीत अजून खिंडारं आहेत. करवंदाची काही रोपं पहिल्या उन्हाळ्यात गेली. तिथे बोरच लावायचं ठरलं, आणि त्याचं बी मायनं जमवलं. शेळ्या बोरं खातात आणि रात्री रवंथ करताना आठळ्या गोठ्यात टाकतात. सकाळी गोठा झाडताना त्या वेचून घ्यायच्या, गर स्वच्छ निघालेला असतो. दोन महिने ती रोज ओंजळभर आठळ्या धुऊन परातीत वाळवत होती.

काल तिनं पितळी पातेल्यात पाणी घेतलं, त्यात मूठ-मूठ मीठ घालून ढवळलं आणि आठळ्या त्यात ओतल्या. पोकळ होत्या त्या वर तरंगल्या. त्या तिनं झाऱ्यानं काढून चुलीकडे टाकल्या. भरलेल्या होत्या त्या एकेक करून तळाला गेल्या. मिठाचं पाणी ओतून, साध्या पाण्यानं दोनदा खळबळून तिनं त्या फडक्यावर पसरल्या आणि माझ्या नातीला मोजायला बसवलं. दोनशे सत्तेचाळीस भरल्या. बाहेर झळ चालू होती, खिडकीचं पाखं आपटत होतं. "पहिला पाऊस पडला की टोचायच्या," माय तिला सांगत होती, "दोन-दोन. शेंडा वर आला की मग तुला दाखवतो, कोणत्या अंगानं वाकवायचा ते."